बीबीच्या विहिरीतलं तळं

प्रश्न एका ओळीचा होता. जयमालाने तो नागपूरहून जसाच्या तसा पाठवला होता, खाली स्वतःचं काही न जोडता. संशोधन-नियतकालिकाच्या परीक्षकाने विचारलं होतं की चौथ्या ठिकाणच्या, म्हणजे बीबीजवळच्या विहिरीतल्या सात थरांना क्रमांक खालून वर दिलेत की वरून खाली, आणि हे लेखात कुठेच का सांगितलेलं नाही.

पुष्पांजलीने तो मेहकरच्या घरात, वडिलांच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचला. वाचून ती खुर्चीत बसली. वडील गेल्यापासून त्या खुर्चीत ती बसत नसे.

वामनराव फेब्रुवारीत गेले. एकतीस वर्षं त्यांनी मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं आसपासच्या नाल्यांत, खाणींत आणि खोदल्या जाणाऱ्या विहिरींत दगड फोडण्यात घालवली. या मुलखाचा काळा दगड हा थिजलेल्या लाव्ह्याचा, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण लाव्हा एकदाच आला नाही. एक पूर आला, थंड झाला, त्यावर माती धरली, पाणी साठलं, तळी झाली, तळ्यांत गोगलगायी आणि मासे आले. आणि मग हजारो वर्षांनी पुढचा पूर येऊन हे सगळं खाली दाबलं गेलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यांचा गाळ आज दोन काळ्या दगडांच्या मध्ये पाच-सात फुटांच्या पट्टीसारखा राहिला आहे. कुठे नाल्याच्या कडेला दिसतो, कुठे विहीर खोदताना लागतो. वामनरावांनी तो गाळ पोत्यांत भरून घरी आणला, बादलीत भिजवला, रवा चाळायच्या चाळणीतून धुतला आणि चाळणीत राहिलेला एकेक बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली घातला. मोहरीहून लहान शिंपल्या, अंगावर मळसूत्रासारख्या रेषा असलेली पाणवनस्पतींची बीजं, माशांचे खवले, मुळांचे ठसे. त्यांतून त्यांना तळं उभं करायचं होतं: पाणी किती खोल, गोड की मचूळ, कोण कुणाला खात होतं, कोण आधी आलं आणि कोण शेवटपर्यंत टिकलं.

जयमाला त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता नागपुरात संशोधक. चार ठिकाणचा अभ्यास एकत्र करून तिने लेख केला होता आणि वामनरावांचं नाव स्वतःच्या नावाच्या आधी घातलं होतं. त्यांचं नाव असलेला तो पहिलाच लेख. त्यातलं एक वाक्य सर्वस्वी त्यांचं होतं. बीबीच्या तळ्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं की आधी ते उथळ डबकं होतं, पुढे खोल होत गेलं, त्यात मासे आले, आणि लाव्हा आला तेव्हा ते काठोकाठ भरलेलं आणि जिवंत होतं. बाकीच्या तिन्ही ठिकाणी असं म्हणायला पुरावा नव्हता. सगळ्या लेखाचा भार त्या विहिरीवर होता.

पुष्पांजलीने वही काढली. बीबी, विहीर, कारभारी यांचं शेत. थर १: निळसर माती, दाट बारीक शंख, एका अंगाला विटकरी झाक. थर २: तीच माती, मुळांचे ठसे. आणि असं करत थर ७: कठीण, गारगोटीसारखा, माशांचे खवले, मोठे शंख. क्रमांक कुठून कुठे, हे कुठेच नव्हतं. आधीच्या तीन ठिकाणांच्या पानांवर वामनरावांनी बाण काढले होते, टोक वर. इथे बाण नव्हता.

तिने पानं पुढे-मागे चाळली. मग जयमालाला फोन केला. जयमालाला आठवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. ती म्हणाली की सरांनी सगळीकडे खालूनच मोजलंय, इथेही तसंच असणार. पण परीक्षकाला ‘असणार’ चालत नाही. मी त्या विहिरीत कधी उतरलेच नाही, मी गेले तेव्हा ती पाण्याने भरलेली होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो दिवस मंगळवार होता.

पुष्पांजली खामगावच्या कॉलेजात ग्रंथपाल, उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहकरला आलेली. पुस्तकाचं पान उलटं लागलं असलं तर ते तिला बोटांना कळतं. या वहीत तिला तसंच काहीतरी लागत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. तिने कारभारींना फोन लावला. ते शेतातच होते. विहिरीचं म्हणाल तर ताई, ते म्हणाले, तुमच्या गुर्जींच्या त्या मातीनंच आमचा पिच्छा पुरवलाय; तीच ढासळून पाण्यात पडते, मोटर चोंदते. म्हणून यंदा पाणी उपसून आतून सिमेंटचं बांधकाम करून घेतोय. सिमेंट ओतायला सेंट्रिंगच्या प्लेटा आल्यात.

“परवा सिमेंटचा माल टाकाचा हाय, ताई. तुम्हाले पाह्याचं असंन तं उद्या या. मंग तिथं निस्ती भिंत.”

बुधवारी सकाळी ती एसटीने बीबीला उतरली. कारभारी मोटारसायकल घेऊन आले होते. पासष्टीचा उंच माणूस, बोलणं थोडं पण चिमटे काढणारं. वाटेत त्यांनी सांगितलं की गुर्जी विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि वर आलेल्या प्रत्येक बादलीला हात घालायचे. मजूर म्हणायचे, मालकाला पाणी पाहिजे अन् या म्हाताऱ्याला चिखल.

काठावर खुर्ची. हे तिला माहीत नव्हतं. ते स्वतः उतरले असतील असंच ती धरून चालली होती.

विहीर वीस फूट रुंद, साठ फूट खोल. काठावर गाळ उपसायची क्रेन उभी होती आणि क्रेनशी सईदभाई. त्यांनीच ही विहीर खोदली होती. चाळीस वर्षांत किती खोदल्या त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. तिला पाहून त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, सरांचं फार वाईट वाटलं म्हणाले.

मग तिने विचारलं. सईदभाईंनी सगळं सविस्तर सांगितलं. सरांच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं, उतरायची मनाई होती. म्हणून सर वर बसायचे, खाली सईदभाई. माती बदलली की सईदभाई खालून नंबर ओरडायचे आणि त्या मातीची गोणी वर पाठवायचे. सर लिहून घ्यायचे.

“तुम्ही एक कशाला म्हणालात, सईदभाई?”

“जे पहिले लागलं त्याले. मंग दोन, मंग तीन.” त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “विहीर काय खालून खोदतेत का कोनी, बाई?”

कारभारी हसले. तिलाही हसू आल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात वहीतला न काढलेला बाण आठवला.

सरांनी घरी जाऊन नंबर फिरवून घेतले असतील का, हे सईदभाईंना कसं माहीत असणार. निळसर माती वर होती की खाली, तेही त्यांना आठवेना. त्यानंतर वीसेक विहिरी झाल्या होत्या, दोन ठिकाणी अशीच माती लागली होती. खोटं कशाला सांगू, म्हणाले. आपण पाहूनच घ्या.

क्रेनच्या लोखंडी बादलीत ती बसली. सईदभाईंनी तिला दोर कमरेशी कसा धरायचा ते दाखवलं आणि दोनदा विचारलं, भीती वाटती का. ती नाही म्हणाली. बादली खाली जाऊ लागली तसा काळा दगड तिच्या तोंडापुढून वर सरकत गेला, सुरुंगाच्या भोकांच्या खुणा असलेला, कोरडा. चाळीस फुटांच्या पुढे तो एकदम संपला. संपला तिथे हातभर रुंदीची विटकरी पट्टी होती, भट्टीतून काढल्यासारखी कडक. तिच्याखाली लगेच निळसर माती.

तिने ओरडून बादली थांबवली.

बॅटरीच्या उजेडात बारीक शंख खच्चून भरलेले दिसत होते, एकावर एक, कणीएवढे. त्यांच्याखाली मुळांच्या नळ्या. मातीला उभ्या भेगा गेल्या होत्या आणि भेगांत दुसऱ्याच रंगाचा गाळ भरलेला होता. उन्हाळ्यात तळ्याचा तळ उघडा पडला की चिखल जसा चौकोनांत फाटतो, तशाच त्या भेगा होत्या. अजून सहा-सात फूट खाली, सगळ्यांत तळाशी, गारगोटीसारखा कठीण थर होता, आणि त्याच्याखाली पुन्हा काळा दगड.

निळसर माती वर. खवले खाली.

ती भूगर्भशास्त्र शिकलेली नव्हती, पण वडिलांची टिपणं तिने गेल्या तीन महिन्यांत इतक्या वेळा वाचली होती की समजायला वेळ लागला नाही. विटकरी झाक म्हणजे वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेली माती. वामनरावांनी सईदभाईंचे नंबर तसेच वहीत उतरवले होते, वरून खाली. आठ महिन्यांनी गोण्या उघडून अभ्यासाला बसले तेव्हा जन्मभराच्या सवयीने ते खालून वर वाचले. तळं उलटं झालं. खरं तळं आधी खोल होतं, माशांचं. मग आटत गेलं, कडेची झुडपं आत शिरली, तळ फाटला, आणि उरलेल्या डबक्यात ते कणीएवढे शंख दाटीवाटीने जगले, जोवर जमलं तोवर. लाव्हा आला तेव्हा तिथे मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वर आल्यावर कारभारींनी विचारलं, सापडलं का. ती म्हणाली, खाली फार अंधार आहे. चहा घेतला. सईदभाई तिच्याकडे पाहत होते.

एसटीत जयमालाचा फोन आला. पुष्पांजलीने तेच सांगितलं, की अंधार होता, नीट दिसलं नाही, आणि उद्या आतून भिंत बांधून घेणार आहेत. जयमाला म्हणाली, हरकत नाही, आपण लिहू की क्रमांक दिवंगत लेखकाच्या क्षेत्रनोंदीप्रमाणे आहेत आणि आता ती जागा पाहण्यासाठी उपलब्ध नाही. तेही खरंच आहे. परीक्षक सोडून देईल.

फोन ठेवल्यावर पुष्पांजलीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मेहकर येईपर्यंत ती मनात तेच सगळं पुन्हा पुन्हा मांडत राहिली. उद्या माल पडला की भिंत. जयमालाने विहीर आतून पाहिली नाही. सईदभाई लेख वाचणार नाहीत. नोंद वडिलांची, ती त्यांनी प्रामाणिकपणे केलेली. जगात हे एकट्या तिला माहीत होतं, आणि तिने तोंड उघडलं नाही तर वामनरावांचं वाक्य छापलं जाणार होतं, त्यांच्या नावाखाली, जसं त्यांना हवं होतं तसं.

घरी येऊन तिने दिवा लावला, भात टाकला. टेबलावर चौथ्या थराची धुऊन वाळवलेली माती एका बशीत तशीच पडून होती; वामनरावांच्या हातची शेवटची बशी. ते राहिलेलं काम ती रोज थोडं थोडं करत असे. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण उचलायचा, पाहायचा, डबीत ठेवायचा. भात होईतो ती तेच करत बसली. एक बीज निघालं, मग दोन शिंपल्या. डब्यांवर वामनरावांनी कागद चिकटवले होते आणि प्रत्येकावर त्या जिवाचं तळ्यातलं ठिकाण लिहिलं होतं: काठचा, तळाचा, पाण्यावर तरंगणारा. एक नंबरच्या डबीवर बारीक शंखांपुढे लिहिलं होतं, ‘प्रथम रहिवासी’.

तिने डबी हातात घेतली. ते पहिले नव्हते. ते शेवटचे होते, आणि त्यांच्यामागे कुणी आलं नाही.

नोव्हेंबरपासून ती खामगावहून दर शनिवारी येत असे. वडिलांचे रिपोर्ट आधी ती वाचायची आणि मग त्यांना सांगायची की चांगले आहेत. पायावरची सूज म्हणजे बसून बसून आलेली. धाप लागते ती थंडीची. ते ऐकून घ्यायचे. एकदाही त्यांनी कागद मागितला नाही. मागितलं ते वेगळंच. मला एकदा बीबीला ने, असं ते तीनदा म्हणाले. एकदा दिवाळीनंतर, एकदा संक्रांतीला, आणि एकदा दवाखान्यात. काय काम आहे ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाले, “एकदा डोळ्यांनी बघून यायला पाहिजे गं.” ती दर वेळी म्हणाली होती, बरं वाटलं की जाऊ.

त्यांना शंका आली होती का? की नुसती हौस होती? हे आता कळायला मार्ग नव्हता, आणि त्यांना शंका आली होती असं धरून चालणं तिला फार सोयीचं होतं, म्हणून ती तसं धरेना. एवढं मात्र तिला स्वच्छ दिसलं की त्यांच्या भल्यासाठी खोटं बोलायचा तिला सराव झाला होता. इतका, की बादलीतून बाहेर पाय ठेवता ठेवता ‘अंधार आहे’ हे तोंडातून आपसूक गेलं. तेव्हा निदान ते समोर असायचे. तिचा चेहरा बघून त्यांना खरं काय ते ताडता यायचं. लेख वाचणाऱ्याला तिचा चेहरा दिसणार नव्हता.

भात खाली लागला. तिने गॅस बंद केला आणि कारभारींना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सईदभाईंचा नंबर तिच्याकडे नव्हता.

गुरुवारी पहिल्या गाडीला ती निघाली. गाडी सुटायलाच उशीर झाला. बीबीला उतरली तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि न्यायला कुणी आलेलं नव्हतं. उसाचा रस विकणाऱ्याकडे तिने वाट विचारून घेतली आणि चालू लागली. निम्म्या वाटेवर मिक्सरचा आवाज कानावर आला. तिने पिशवी छातीशी धरली आणि धावू लागली. चाळिशीची बाई साडी सावरत शेताच्या धुऱ्याने धावताना पाहून एक गुराखी बाजूला झाला.

प्लेटा जवळजवळ सगळ्या परिघाला उभ्या राहिल्या होत्या. मिक्सर फिरत होता. दम लागल्यामुळे तिला दोन वाक्यं धड बोलता येईनात. मला अर्धा तास खाली जायचंय, एवढंच ती म्हणाली.

“काल तं अंधार होता म्हने,” कारभारी म्हणाले. “आज काय लाइट आली काय विहिरीत?”

“काल दिसलं होतं. मी सांगितलं नाही.”

कारभारींनी मिक्सरकडे पाहिलं, मजुरांकडे पाहिलं. माल कालवलाय, ते म्हणाले, थिजला तर कोण फेकणार, आणि काऊन एवढी घाई, दोन वर्षं काय झोपले होते का सगळे. सईदभाई तोवर क्रेनकडे गेले होते. त्यांनी बादली काठाला आणली आणि तिथूनच म्हणाले, “मालक, मिक्सर फिरू द्या. फिरता माल थिजत नाही. बाईचे वडील होते ते.”

बादली सुटली. या वेळी तिच्या हातात वामनरावांची मोजपट्टी होती, आणि फोनला दोरी बांधून गळ्यात. सगळ्यांत खाली, काळ्या दगडाशी तिने बादली थांबवली. उभ्या केलेल्या प्लेटांच्या कडेला तीन-चार फूट रुंदीची भिंत अजून उघडी होती. तिने मोजपट्टीचं टोक काळ्या दगडाला टेकवलं. पहिले दोन फोटो नुसते धुरकट आले. तिने श्वास सोडला, कोपर बादलीच्या कडेला टेकवलं आणि तिसरा काढला.

लिहून घेता का, तिने वर ओरडून विचारलं. सईदभाईंनी मुकादमाच्या हातातली पेन्सिल घेतली होती आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडला होता.

“एक. कठीण, गारगोटीसारखा. चौदा इंच. खवले.”

वरून सईदभाईंचा आवाज, भिंतींवर आपटत: “एक म्हंजे खालचा ना, बाई?”

“खालचा.”

“मग तसं लिहितो. नाहीतर पुन्हा घोटाळा.”

ती वर सरकत गेली, फूट-फूट. दोन, राखाडी, नऊ इंच. तीन. चार. पाचव्याला शंख लहान झाले. सहाव्यात मुळं. प्रत्येक थराला ती पट्टी लावत होती, फोटो घेत होती, तो नीट आलाय का ते पाहत होती आणि मगच बादली उचलायला सांगत होती. वरून मिक्सरची घरघर ऐकू येत होती आणि मधूनच कारभारींचा वैताग. सात, निळसर माती, अकरा इंच, वर विटकरी. सातव्यापाशी तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मग ती वर आली.

बादली काठाला लागली तशी कारभारींनीच दंडाला धरून तिला बाहेर घेतलं. लगेच त्यांनी हात वर केला, मिक्सरचं तोंड वाकलं आणि माल पन्हाळीतून खाली जाऊ लागला.

बांधावरच्या बाभळीखाली रेंज होती. तिने सगळे फोटो पाठवले, सईदभाईंच्या अक्षरातला कागदही पाठवला आणि फोन लावला. काल मी खोटं बोलले, तिने आधी सांगितलं. मग बाकीचं. जयमाला पलीकडे फोटो उघडून बघत होती.

“सरांचं ते वाक्य जाईल, ताई,” शेवटी ती म्हणाली. “शेवटचा भाग सगळाच नव्याने लिहावा लागेल. उद्यापर्यंत.”

“मग?”

“मग काही नाही. पण त्यांचं नाव पहिलं आहे. पहिलंच ठेवू?”

पुष्पांजली म्हणाली, ठेव. आणि मोजणीत सईदभाईंचं नाव घाल. पूर्ण नाव विचारून कळवते.

तळ्याचा भाग मी लिहू की तू, जयमालाने विचारलं. माझं लिहिणं कोरडं होतं, सर म्हणायचे. पुष्पांजली म्हणाली की कच्चं मी लिहिते, तू दुरुस्त कर. पिशवीतून तिने वही काढली, बीबीचं पान आलं ते तसंच राहू दिलं आणि पुढचं कोरं पान उघडलं. विहिरीत माल पडल्याचा आवाज येत होता. ती लिहू लागली: सुरुवातीला हे तळं खोल होतं, आणि त्यात मासे होते.